रुळलास का रे?

परगावी राहणारा मुलगा सुट्टीत घरी आला की एस. टी. स्टँडपासून घरापर्यंतच्या वाटेवर त्याला निदान दहा माणसे एकच प्रश्न विचारतात : “काय, रुळलास का रे तिकडे?” पानवाला विचारतो, न्हावी विचारतो, मारुतीच्या पारावर बसलेले म्हातारे विचारतात, आणि ज्याने त्याला सातवीत मराठी शिकवले तो मास्तरही विचारतो. मुलगा मान हलवून “हो” म्हणतो. त्याने “नाही” म्हटले तर पुढे काय बोलावे, हे विचारणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नसते. शाळामास्तर या नात्याने मी हा प्रश्न आजवर कितीतरी मुलांना विचारला आहे. गेल्या उन्हाळ्यात मात्र एका मुलाने नुसती मान हलवली नाही. त्याने खरे उत्तर दिले. ते ऐकल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. आणि दिवाळीच्या दिवसांत कोणाशी भांडू नये हा शिष्टाचार ठाऊक असूनही आज मी भांडायलाच बसलो आहे.

हा मुलगा माझा जुना विद्यार्थी. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले. पदवी घेतल्यावर राज्यसेवेच्या परीक्षांसाठी तो पुण्याला गेला, त्याला सहा वर्षे झाली. बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन तो माझ्याकडे आला होता. मी सवयीने विचारले, “काय, रुळलास ना पुण्यात?” तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “सर, रस्ते पाठ झालेत. स्वारगेटला उतरलो की डोळे मिटून खोलीवर जाईन. कुठल्या मेसला कुठल्या वारी कसली भाजी असते, तेही सांगेन. पण सहा वर्षांत पुण्यातल्या एकाही घरात बसून मी चहा प्यालेलो नाही. आधी भाडं द्यायला मालकांच्या दारापर्यंत तरी जायचो. आता तेही मोबाइलवरून जातं.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेच मला अधिक लागले. पाऊस पडतो, ऊन पडते, तसेच हेही असायचे, अशा सुरात तो बोलत होता. सहा वर्षे म्हणजे दोन हजारांहून अधिक दिवस. एवढ्या दिवसांत, विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहरातल्या एकाही माणसाला “ये रे, बस जरा” असे त्याला म्हणावेसे वाटले नाही! माहेरघर हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो पाहा. माहेरी आलेल्या लेकीला दारात उभी ठेवून कोणी डिपॉझिट मागत नाही.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, हा प्रश्न आपण आजवर भलत्याच माणसाला विचारीत आलो. शेतकऱ्याने नवे रोप लावले आणि ते मुळे धरीना, तर तो रोपाला जाब विचारीत नाही. तो माती उकरून बघतो, पाण्याचा पाट बघतो, बांधावरच्या झाडाची सावली पडते का ते बघतो. आपण मात्र एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला नव्या गावात नेऊन सोडतो आणि दिवाळीला आला की त्यालाच विचारतो, “रुळलास का?” रुळणे हे एकट्याचे काम असल्यासारखे! खरा प्रश्न शहराला विचारायला हवा : “या मुलाला तुम्ही रुळवून घेतलेत का?” आणि शहर म्हणजे महानगरपालिकेची इमारत नव्हे. शहर म्हणजे वाचकहो, तुम्ही. फराळाचे ताट शेजारी ठेवून हा अंक चाळणारे तुम्ही, तुमच्या मजल्यावरचे शेजारी आणि तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

या मुलांना शहरात मिळते तरी काय, ते आधी पाहू. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार, नवी या पेठांतून हिंडा. जिन्यांच्या तोंडाशी, विजेच्या खांबांवर, चहाच्या टपऱ्यांवर कागद चिकटवलेले दिसतील : ‘मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा मिळेल.’ घर मिळेल असे नाही, खोली मिळेल असेही नाही. कॉट मिळेल! सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढे त्या मुलाचे पुणे. कॉटखाली बॅग, उशाशी पुस्तके, डोक्यावर दोरीला वाळत घातलेला टॉवेल. अशा एका खोलीत चार कॉटा, कोठे सहा. अभ्यास करायचा तो अभ्यासिकेत, आणि तेथल्या खुर्चीचे महिन्याचे भाडे निराळे. जेवायचे ते मेसमध्ये. रविवारी दुपारी गोडधोड आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. दिवाळीत तर कित्येक मेस आठवडाभर बंद. झोपण्याचे पैसे एकाला, बसण्याचे दुसऱ्याला, जेवण्याचे तिसऱ्याला असे चुकते करीत तो राहतो. घरमालक, मेसवाल्या बाई, झेरॉक्सवाला, जुन्या पुस्तकांचा दुकानदार, अमृततुल्यवाला, या सगळ्यांच्या घरातली चूल त्याच्यामुळे पेटते. त्याच्या पैशांवर पेठा चालतात आणि त्या पेठांना त्याचे नाव ठाऊक नसते. तो ‘वरच्या खोलीतला मुलगा’ असतो. तो गेला की त्याच कॉटवर दुसरा ‘वरच्या खोलीतला मुलगा’ येतो.

आता नदी ओलांडून नव्या वस्तीत चला. तेथे कॉटही नाही. तेथे जागेच्या जाहिरातीतच लिहिलेले असते : ‘फक्त फॅमिलीसाठी. बॅचलरांनी चौकशी करू नये.’ बॅचलर म्हणजे अविवाहित माणूस. अविवाहित असणे हा अपराध कधीपासून ठरला? ही अट घालणारा प्रत्येक सद्गृहस्थ एके काळी अविवाहितच होता. बायको, दोन मुले आणि सोफासेट घेऊन कोणी जन्माला येत नाही. चार वर्षांनी हाच मुलगा लग्न करून, मुंडावळ्यांची खूण कपाळावर घेऊन आला, तर हेच दार त्याला उघडणार. माणूस तोच, संस्कार तेच, पगारही बहुधा तोच. फक्त बरोबर बायको! म्हणजे आपण माणसाची पारख करतो की लग्नपत्रिकेची?

मुलींची गोष्ट तर याहून बिकट. माझी एक विद्यार्थिनी शहरातल्या रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून ती सकाळी आठ-साडेआठला खोलीवर येते. त्याच वेळी सोसायटीतली मंडळी कामावर निघालेली असतात. रात्रभर परक्यांची आजारपणे काढून आलेल्या त्या मुलीकडे ती ज्या नजरेने पाहतात, त्याचे वर्णन तिने मला सांगितले. मी ते येथे लिहिणार नाही. सण घरोघरी आहे. एवढेच आठवून देतो की मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपण गॅलऱ्यांत उभे राहून याच मुलींसाठी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. आणि त्याच दिवसांत देशात ठिकठिकाणी घरमालकांनी डॉक्टर-परिचारिकांना खोल्या खाली करायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला १८९७ सालच्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करणारा वटहुकूम काढावा लागला आणि आरोग्यसेवकांवरील हिंसेच्या व्याख्येत त्यांच्या राहण्याच्या जागी होणारा छळही घालावा लागला. शेजारधर्म शिकवायला वटहुकूम लागावा, याला काय म्हणावे?

येथे कोणी म्हणेल, “अहो मास्तर, हे सगळे आजकालचे. पूर्वीचे शहर असे नव्हते. पूर्वी गरीब विद्यार्थ्याला लोक वार लावून जेवू घालीत, माधुकरी वाढीत.” हा युक्तिवाद मी फार ऐकला आहे आणि मला तो मुळीच मान्य नाही. वार कोणाला मिळत होते? माधुकरीची झोळी घेऊन कोणत्या मुलाला कोणाच्या दारात उभे राहता येत होते? जातीची मोजपट्टी आधी, अन्न मागाहून. १९१७ साली एक सव्वीस वर्षांचा तरुण अमेरिका आणि इंग्लंड येथे शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठी आला. संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर तो शिकला होता. हिंदूंच्या खाणावळीत त्याला जागा मिळणार नव्हती. म्हणून तो पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसे दारात येऊन उभी राहिली आणि त्याला बाहेर काढण्यात आले. दोन परिचितांकडे त्याने आसरा मागितला, दोघांनी सबबी सांगितल्या. मग रात्रीची गाडी येईपर्यंतचा वेळ त्याला बागेत बसून काढावा लागला. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी ही हकिगत स्वतःच लिहून ठेवली आहे. ज्या शहराला एवढा विद्वान अकरा दिवसही सांभाळता आला नाही, त्या काळाकडे परत जाण्याची मला हौस नाही.

आणि तो काळ संपला असे तरी छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? आजही जागा पाहायला गेलेल्या मुलाला गाव विचारतात, मग आडनाव विचारतात, आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तर तो सुप्रसिद्ध प्रश्न येतो : “म्हणजे तुम्ही कोण?” काय उत्तर द्यावे या प्रश्नाला? मी माणूस आहे, मी भाडे वेळेवर देईन, मी रात्री दहानंतर गाणी लावणार नाही, ही उत्तरे चालत नाहीत. विचारणाऱ्याला जे हवे असते ते मिळाले की कधी जागा मिळते, आणि कधी “आत्ताच दुसऱ्याला शब्द दिला बघा” हे वाक्य मिळते.

जुन्या काळातले घ्यायचे असेल तर ते निराळेच आहे. शहरात परक्या मुलाला जागा आपोआप होत नाही, कोणी तरी ती मुद्दाम करावी लागते, हे त्या काळातल्या शहाण्या माणसांनी ओळखले होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, ती का? खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर राहणार कोठे, हा प्रश्न त्यांना शिक्षणाइतकाच मोठा वाटला म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवीत. तेथल्या छात्रालयातल्या मुलांची ते आईच्या मायेने काळजी घेत. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, ती खेड्यातून येणाऱ्या गरीब मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय व्हावी म्हणूनच.

ही झाली मोठ्या माणसांची नावे. पण मुंबईच्या गिरणगावात हेच काम बिननावाच्या बायकांनी केले. एकेका खोलीत एकाच गावची पंधरा-वीस माणसे पाळ्यांप्रमाणे झोपत, आणि शेजारची खानावळवाली मावशी पगार होईपर्यंत उधारीवर जेवू घाली. अशाच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या खोल्यांत सुख नव्हते, हे मला मान्य आहे. पण पाळीवरून आलेला माणूस जेवायला आला नाही तर “आज का आला नाही?” असे विचारणारे कोणी तरी होते. आमचा ‘वरच्या खोलीतला मुलगा’ तीन दिवस तापाने पडून राहिला, तर चौथ्या दिवशी कोणाला कळते?

घरमालकांची बाजूही मी ऐकली आहे. ते म्हणतात, मुले गोंधळ घालतात, पसारा करतात, रात्री-बेरात्री येतात, भाडे थकवून पसार होतात. काही मुले असे करतात, यात शंका नाही. तसे काही सहकुटुंब भाडेकरूही करतात. म्हणून ‘कुटुंबवत्सलांनी चौकशी करू नये’ असा फलक मी अजून पाहिलेला नाही. गोंधळाचे भय असेल तर त्यावर उपाय म्हणजे करार, आणि तो कायद्यानेच सांगितला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचे ५५ वे कलम काढून पाहा. जागा भाड्याने दिली तर करार लेखी हवा, नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, राहणाऱ्यावर नाही. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार लेखी नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. पण पेठांतल्या कॉटकऱ्यांपैकी नोंदणीचा करार हातात पडलेले किती निघतील? माझ्या ओळखीच्या मुलांत तरी मला एकही भेटला नाही. तोंडी बोलणे, रोख डिपॉझिट आणि “महिनाअखेर खोली खाली करा” एवढाच त्यांचा करार. कायदा मोडतो एक आणि संशय घेतला जातो दुसऱ्याचा!

आता जे सांगणार आहे, ते माझे खरे म्हणणे आहे. त्यासाठी मला माझी स्वतःची गोष्ट थोडी सांगावी लागेल.

२००० सालच्या सुमारास, विशीत असताना, मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याच्या कामावर होतो. एका जुन्या वाड्यात माडीवर माझी कॉट होती. मालकीणबाई खाली एकट्या राहत. सगळा वाडा त्यांना आजी म्हणे. पहिल्या दिवशी त्यांनी मला तेच तीन प्रश्न विचारले : गाव कोणते, आडनाव काय, म्हणजे तुम्ही कोण. उत्तर ऐकून त्यांचा चेहरा जरासा उतरला. तरी त्यांनी जागा दिली, कारण त्यांना पैशांची गरज होती. ओसरीवर पाण्याचा माठ होता. त्याला हात लावू नका असे मला कोणी सांगितले नाही. जिन्याजवळच्या कोनाड्यात माझ्यासाठी एक निराळा तांब्या भरून ठेवलेला असे, त्यावरून मी काय ते समजलो. चार महिने मी त्या तांब्यातले पाणी प्यालो. चार महिने मी पुण्याचे रस्ते पाठ केले, आणि रोज रात्री कॉटवर पडून गावच्या एस. टी.ची वेळ आठवीत राहिलो.

पाचव्या महिन्यात पावसाळ्याने आजींचे गुडघे धरले. एका संध्याकाळी जिन्याखालून हाक आली : “अहो छापखाना, आहात का वर?” मी खाली आलो. “दळण पडलंय. गिरणी सातला बंद होते. आणाल का तेवढं?” मी डबा उचलला आणि गेलो. गिरणीवाल्याने विचारले, “कोणाचं?” मी आजींचे नाव सांगितले. त्याने मान डोलावली आणि माझा डबा ओळीत पुढे ओढला. पुढल्या आठवड्यात विजेचे बिल भरायला गेलो. मग त्यांच्या लेकीचे पत्र वाचून दाखवले, कारण त्यांचा चष्मा फुटला होता. मग पुन्हा दळण. अशाच एका दिवशी घामाघूम होऊन मी डबा ओसरीवर ठेवला आणि कोनाड्याकडे वळलो, तर आजी म्हणाल्या, “अरे, माठातलं घे. ते सकाळचं आहे.” ‘अहो’चे ‘अरे’ कधी झाले ते त्यांनाही कळले नसावे. दुसऱ्या दिवशी कोनाड्यात तांब्या नव्हता.

आजींचे मन आभाळाएवढे होते असे मी म्हणणार नाही. त्यांना गरज होती, आणि ती बोलून दाखवायला त्या लाजल्या नाहीत, एवढेच. पण ज्या दिवशी त्यांनी मला दळणाला पिटाळले, त्या दिवशी मी पुण्याचा झालो. त्याआधी माझ्यावर दया करणारे एक-दोघे भेटले होते. कोणी जुना सदरा दिला, कोणी गणपतीत प्रसाद दिला. त्याने मी रुळलो नाही. उलट आपण परके आहोत, हे अधिकच कळले. माणूस नव्या गावात रुळतो तो कोणी त्याला काही दिल्याने नव्हे, तर कोणी त्याच्याकडे हक्काने काही मागितल्याने. “जरा एवढं करतोस का?” हे वाक्य ऐकू आले की समजावे, आपण येथल्या माणसांच्या हिशेबात आलो.

आमच्या त्या सहा वर्षांच्या मुलाकडे पुण्याने भाडे मागितले, डिपॉझिट मागितले, आधार कार्डाची प्रत मागितली, गणपतीची वर्गणीही मागितली. त्याच्याकडून एक दळण मात्र कोणी मागितले नाही.

“पण मुलेच कोठे बोलतात? सदा मोबाइलमध्ये तोंड!” हाही आक्षेप मला ठाऊक आहे. अहो, ज्या मोबाइलवर त्याची आई बोलते, त्याचा मित्र बोलतो, त्यातच तो तोंड घालणार. जिन्यात भेटणारे तुम्ही कुलूप लावून खाली मान घालून निघून जाता. आधी बोलायचे कोणी? ज्याचे घर आहे त्याने, की ज्याची नुसती कॉट आहे त्याने?

आता शहरवाल्यांवर एवढी आग पाखडल्यावर आमच्या गावाकडल्यांना, आणि सर्वांत आधी मला, सोडून चालणार नाही. दहावीच्या निरोपसमारंभात मी दर वर्षी भाषण करतो. त्यात एक वाक्य ठरलेले असते : “मुलांनो, शहरात गेलात तरी फार कोणात मिसळू नका. आपण बरे, आपले काम बरे.” टाळ्या पडतात. आयाही गाडी सुटताना हेच सांगतात. शहराने दार लावायचे आणि आम्ही आमच्या मुलाला “दाराकडे बघूसुद्धा नकोस” असे बजावून पाठवायचे. मग त्याने रुळायचे कसे? आम्ही त्याला शहरात राहायला पाठवतच नाही. काही तरी मिळवून आणायला पाठवतो. मिळाले तर पेढे, नाही मिळाले तर “अजून एक वर्ष बघ.” मधल्या सहा वर्षांत तो जगतो आहे, त्याचे वय विशीतून तिशीकडे सरकते आहे, हे आमच्या ध्यानातच येत नाही. फलाटावर सहा वर्षे गाडीची वाट पाहणाऱ्या माणसासारखे आम्ही त्याला ठेवले आहे. फलाटावर कोणी झाड लावीत नाही, आणि शेजाऱ्याचे नावही विचारीत नाही. ते माझे वाक्य मी या अंकातून जाहीरपणे मागे घेतो. यंदाच्या निरोपसमारंभात मी म्हणेन : “मिसळा. गिरणीवाल्याचे नाव विचारा. जिन्यातल्या म्हाताऱ्याची पिशवी उचला. तेथल्या मतदारयादीत नाव घाला.” होय, मतदारयादीतसुद्धा. १९५० सालच्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस सर्वसाधारणपणे जेथे राहतो तेथे त्याचे नाव नोंदवता येते, आणि शिकण्यासाठी परगावी राहणाऱ्यालाही ती वाट मोकळी आहे. अर्थात नाव एकाच ठिकाणी. गावचे कमी करून तेथले घालायचे, म्हणजे राहतो कोठे हे एकदा मनाशी कबूल करायचे. ज्याच्या मताची नगरसेवकाला गरज आहे, त्याच्या खोलीतल्या नळाचीही मग त्याला आठवण राहते.

वाचकहो, मी तुमच्याकडे दानधर्म मागत नाही. घरमालक असाल तर करार लेखी करा आणि त्याची प्रत मुलाच्या हातात द्या. सोसायटीच्या कमिटीवर असाल तर ‘बॅचलरांना बंदी’ हा ठराव कोणत्या अधिकाराने केला, ते पुढच्या सभेत एकदा उठून विचारा. जागा दाखवताना गाव जरूर विचारा. तिसरा प्रश्न मात्र तोंडातल्या तोंडात गिळा. आणि दिवाळीत तुमच्या इमारतीत एखाद्या खोलीला कुलूप नसेल, आत उजेड असेल, तर समजा की परीक्षा जवळ आल्यामुळे किंवा पाळी असल्यामुळे कोणी तरी गावी गेलेले नाही, आणि त्याची मेस बंद आहे.

त्याच्याकडे फराळाचे ताट झाकून पाठवू नका. तसे ताट हॉटेलातूनही येते. त्याला खाली बोलवा. म्हणावे, “आकाशकंदील वर टांगायचा आहे, माझा हात पोचत नाही. जरा स्टुलावर चढतोस का?” तो चढेल. कंदील लागेल. मग तो उतरल्यावर त्याला बसवा, आणि चकली पुढे करा.

आणि मी? मी यापुढे कोणाही मुलाला “रुळलास का रे?” असे विचारणार नाही. तो दिवाळीला घरी आला की विचारीन : “तिकडे तुला कोणी काम सांगतं का रे?”